दिव्याखालचा उजेड

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघून पवनीजवळ आत वळले की पेंच व्याघ्र प्रकल्पाचे सिल्लारी लागते. सिल्लारी, वाघोली, पिपरिया आणि खापा या गावांत काही वर्षांपूर्वी रस्त्यांवरचे आणि सार्वजनिक जागांवरचे शंभराहून अधिक दिवे बदलले गेले. नव्या दिव्यांची तोंडे जमिनीकडे आहेत. पुढे जानेवारी २०२४मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने महाराष्ट्रातल्या पेंचला भारतातले पहिले आणि आशियातले पाचवे ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. वाघोलीच्या तलावाकाठी आता लोक दुर्बिणीतून आकाश पाहायला येतात.

ही बातमी बहुतेकांनी खगोलप्रेमींची म्हणून वाचली. खरे तर ती दिव्याच्या रचनेचीही आहे. त्या चार गावांतल्या वाटा अंधारात गेल्या नाहीत. पायाखाली उजेड हवा होता, तो पायाखालीच पडू लागला आणि वर जाऊन वाया जाणारा उजेड थांबला. वीज तीच, खांब तोच. उजेडाला दिशा मिळाली एवढाच फरक. एका जंगलाच्या गरजेतून माणसांना दिवा कसा असावा हे कळले. घरातल्या दिव्यालाही असेच निसर्गाकडून काही शिकता येईल का, आणि तसे शिकताना वीज खरोखर वाचेल का, या दोन प्रश्नांभोवती या पुस्तकाची पाने फिरतात.

हा विषय नागपुरात मांडण्याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांना आपल्या दिव्यातली वीज कुठून येते हे नागपूरइतके जवळून दिसते. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे. एकट्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच. कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालयही नागपुरातच. कोराडीच्या देवीला जाणाऱ्या माणसाला वाटेत त्या चिमण्या दिसतातच. एक युनिट वीज तयार करायला भारतातल्या केंद्रांत साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट होतात, म्हणजे सहा किलोच्या आसपास कोळसा. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर १.३५ युनिट, म्हणजे किलोभराहून कमी. एका खोलीतल्या एका दिव्याची ही गोष्ट. ती घमेल्यात मोजता येते, म्हणून लक्षात राहते.

उरलेला कोळसा जातो कुठे? जुन्या बल्बमध्ये शंभरातले जेमतेम पाच भाग डोळ्यांना दिसणारा प्रकाश होत आणि बाकीची उष्णता. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या गावात संध्याकाळी खोलीत बल्ब लावायचा, त्याने खोली तापवायची आणि ती निववायला कूलर चालवायचा, असा दुहेरी खर्च कितीतरी वर्षे घरोघर बिनबोभाट चालू होता.

त्याआधीची पिढी उजेडाच्या बाबतीत फार काटेकोर होती, कारण तेल मोजून येई. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण त्या काळाची. तेलाच्या दिव्यात ज्योत वर आणि तेलाचे भांडे खाली, त्यामुळे सावली नेमकी बुडाशी पडे. जुन्या घरांनी यावर आपल्यापरीने उपाय काढला होता. भिंतीत खणलेली देवळी आठवून पाहावी. तिन्ही बाजूंनी बंद असल्याने ज्योत वाऱ्याने फडफडत नसे. आतून चुन्याचा हात दिलेला असला की मागे जाणारा उजेड परत खोलीत येई. समईचे चकचकीत घासलेले पितळही तेच काम करी. दिवाळीच्या आधी घरातली भांडी-समया चिंचेने घासून काढण्यात भक्ती होती, तसा उजेडाचा हिशेबही होता. त्या काळी दिवा ही वस्तू एकटी नव्हती. भिंत, कोनाडा, धातू आणि माणसाची बसायची जागा मिळून दिवा होत असे.

वीज आली आणि हे नाते सुटले. छताच्या मधोमध एक होल्डर, त्यात एक बल्ब, पुढे भिंतीवर एक ट्यूबलाइट. खोलीत कोण कुठे बसते, काय करते याचा त्या जागेशी संबंध उरला नाही. एलईडी आल्यावर वीज वाचू लागली, पण सवय जुनीच राहिली.

एलईडीची झेप मोठी आहे, यात शंका नाही. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा उजेड शक्य झाला, म्हणून इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी जानेवारीत भारतात ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघर गेले. सरकारी खरेदीत २०१४च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब सुमारे अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. स्वस्ताईची दुसरी बाजूही मोजली गेली आहे. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह अभ्यासानुसार २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचे रात्री बाहेर उजळलेले क्षेत्र दरवर्षी सुमारे २.२ टक्क्यांनी वाढत होते. घरातही तेच घडते. पूर्वी एक बल्ब होता तिथे आता छतातल्या खाचांत आठ दिवे बसवले जातात, शिवाय पडद्यामागे दिव्यांची पट्टी. प्रत्येक दिवा कमी वीज खातो, म्हणून सगळे एकदम चालू ठेवताना कोणाला काही वाटत नाही. बचत करणारे यंत्र हाती आले. बचत करणारी रचना अजून यायची आहे.

इथे निसर्गाकडे वळावे लागते आणि सुरुवात काजव्यापासून करावी लागते.

पावसाळ्याच्या तोंडावर रानातल्या झाडावर काजवे लुकलुकतात तेव्हा त्यांच्या पोटात लुसिफेरिन नावाचे द्रव्य, लुसिफेरेज हे विकर, ऑक्सिजन आणि पेशींतली ऊर्जा यांचा मेळ बसत असतो. २००८मध्ये जपानी संशोधकांनी एका जातीच्या काजव्यातल्या या अभिक्रियेची काळजीपूर्वक मोजणी केली, तेव्हा शंभर रेणूंमागे सुमारे ४१ प्रकाशकण बाहेर पडतात असे दिसले. उष्णता जवळजवळ नाहीच. काजवा तळहातावर घेतला तरी चटका बसत नाही.

घरातल्या दिव्यासाठी मात्र त्या रसायनाहून काजव्याच्या पोटावरचे खवले अधिक उपयोगाचे. एलईडीची एक जुनी अडचण अशी की आत तयार झालेला प्रकाश सगळाच बाहेर येत नाही. चिपच्या पृष्ठभागावर तो तिरका आदळला की आरशावरून उलटावा तसा आत परततो आणि तिथेच उष्णता होऊन विरतो. बेल्जियममधल्या नामूर विद्यापीठातल्या ॲनिक बे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोट्युरिस या काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या भागावरचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते खवले नीट जुळलेले नव्हते. जुन्या घराच्या छपरावर कवेलू सरकून त्यांच्या कडा वर याव्यात, तशा त्यांच्या कडा उचललेल्या होत्या, आणि त्या वाकड्या कडांमधूनच सर्वाधिक प्रकाश निसटत होता. तसाच दातेरी थर संशोधकांनी एका एलईडीवर चढवला. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या एलईडीतून बाहेर पडणारा प्रकाश ५५ टक्क्यांपर्यंत वाढला. दिव्याच्या आत काहीही न बदलता, नुसत्या वरच्या थराच्या घडणीमुळे.

या उदाहरणातून एक कसोटी हाती लागते आणि ती पुढे प्रत्येक प्रकरणात वापरली आहे. ‘निसर्गातून घेतलेला दिवा’ म्हणून बाजारात जे मिळते त्यात कमळाच्या आकाराचा प्लास्टिकचा दिवा असतो, वेलीसारखी वळलेली लोखंडी सळई असते, शिंपल्याची नक्कल असते. ते सुंदर असू शकते. पण त्या पाकळ्यांनी निम्मा उजेड आतच गिळला आणि घरच्यांनी म्हणून दुप्पट वॅटचा बल्ब लावला, तर निसर्गाचा चेहरा घेतला आणि रीत सोडली, असेच म्हणावे लागेल. जेनीन बेन्युस यांनी १९९७च्या आपल्या पुस्तकातून ‘बायोमिमिक्री’ हा शब्द जगभर नेला, तो या रीतीसाठीच.

चेहरा आणि रीत दोन्ही साधलेला दिवाही आहे. डेन्मार्कचे पॉल हेनिंगसेन यांना डोळ्यांवर येणाऱ्या उघड्या बल्बचा तिटकारा होता आणि १९२०च्या दशकापासून ते एकावर एक छत्र्यांचे दिवे करत होते. १९५८मध्ये कोपनहेगनच्या एका उपाहारगृहासाठी त्यांनी केलेला दिवा आर्टिचोक नावाच्या भाजीच्या कळीसारखा आहे: बारा ओळींत ७२ पाने. कोणत्याही बाजूने पाहिले तरी आतला बल्ब डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक पान बल्ब झाकते आणि त्याच वेळी त्याचा उजेड खालच्या पानावर टाकते. झाडाची पाने ऊन वाटून घेतात, ही पाने उजेड वाटून देतात. डोळे दिपत नसले की कमी उजेडातही नीट दिसते, आणि तिथे खरी बचत होते.

दुसरे नाव इसामु नोगुची यांचे. १९५१मध्ये जपानमधल्या गिफू गावी त्यांनी तिथल्या कंदील करणाऱ्यांची कला पाहिली आणि बांबूच्या कामट्या व हातकागद वापरून ‘अकारी’ दिव्यांची मालिका सुरू केली. आज ते दिवे जगातल्या संग्रहालयांत आहेत. मराठी वाचकाला ते पाहताना ओळखीचे काही दिसल्यावाचून राहत नाही, कारण बांबूच्या कामट्या आणि कागद म्हणजे आपला आकाशकंदील. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अंगणात बसून कामट्या दोऱ्याने बांधायच्या, खळ लावून पतंगाचा कागद ताणून चिकटवायचा, खाली झिरमिळ्या सोडायच्या, ही कला घराघरात होती. वर्षातून पंधरा दिवस बाहेर टांगला जाणारा तो कंदील उरलेले साडेअकरा महिने घरात का नसावा, असे विचारायला कोणी फारसे थांबले नाही. त्यालाही कारण होते. तापलेल्या बल्बभोवती कागद आणि बांबू ठेवणे धोक्याचे. एलईडीने ही अडचण पुष्कळ कमी केली, आणि त्यामुळे बांबूसाठी घरातल्या दिव्याची दारे पुन्हा उघडली आहेत.

विदर्भासाठी ही गोष्ट मोलाची आहे. चंद्रपूर, गडचिरोली आणि मेळघाटची जंगले बांबूची. महाराष्ट्र बांबू विकास मंडळाचे कार्यालय नागपुरात आहे, बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र चंद्रपूरजवळ चिचपल्लीला. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी १९९०च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभे केले आणि कोरकू कारागिरांच्या हातच्या वस्तू दूरच्या बाजारांपर्यंत नेल्या. २०१७च्या अखेरीस वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, आणि शेतकऱ्याला आपल्या बांधावरचा बांबू कापणे-नेणे सोपे झाले. सूप, टोपली, डालगे, तट्टा विणणारे बुरूड कारागीर तर या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्लास्टिकने त्यांच्या टोपल्या मागे ढकलल्या. दिवा हे त्याच हातांना मिळू शकणारे नवे काम आहे.

कारागीर मानवेल जातीचा बांबू उभा चिरतो तेव्हा कोयता धाग्यांच्या रेषेतच धावतो. वरची हिरवी साल घट्ट आणि गुळगुळीत, आतला भाग मऊ. त्या सालीची पट्टी सोलत सोलत नखाइतकी पातळ केली आणि दिव्यासमोर धरली की ती मधासारखी उजळते. तीच पट्टी जाड राहिली तर उजेड अडवते. म्हणजे कामटी किती सोलायची, हा दिव्याच्या वीजबिलाचा प्रश्न आहे. विणही तशीच. दाट विणीच्या टोपलीत दिवा टांगला तर उजेड भोकांतून तेवढा येतो आणि भिंतीवर रेघोट्या उमटतात. वरच्या अर्ध्या भागाला आतून पांढरा कागद लावला, खालची वीण मोकळी ठेवली, की तोच दिवा टेबलभर उजेड देतो. देवळीतला चुना आणि हा कागद, काम एकच.

भर उन्हात कडुलिंबाखाली बसले की अंगणात कवडसे पडतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तरी कवडसे गोल, कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचे लहानसे चित्र असते. ग्रहणात ते सगळे चंद्रकोरीसारखे होतात. विणलेल्या दिव्यातही भिंतीवर काय उमटते ते आतल्या उजेडाच्या आकारावर ठरते. आत काच स्वच्छ असलेला, बिंदूसारखा एलईडी असेल तर भिंतीवर विणीच्या कडक सावल्या पडतात. दुधी गोळ्याचा मोठा दिवा असेल तर त्याच सावल्या मऊ होतात. जिन्यात किंवा जेवणाच्या जागी कवडसे छान वाटतात. मुलाच्या वहीवर ते पडले तर डोळ्यांना त्रास. एक दिवा सगळीकडे चालत नाही, हे इतक्या साध्या गोष्टीतून दिसते.

नागपुरात एक पथ्य अधिक पाळावे लागते, ते उन्हाचे. एलईडी जुन्या बल्बइतका तापत नसला तरी त्याच्या बुडाशी, चिप आणि चालक मंडलापाशी, उष्णता साठते आणि ती निघून गेली नाही तर त्याचे आयुष्य घटते. गच्चीखालच्या खोलीत उन्हाळ्यात छताजवळची हवा मुळातच तापलेली असते. अशा छतात चारही बाजूंनी बंद असलेला दिवा लवकर मंदावतो. विणलेल्या बांबूचा दिवा वरून उघडा ठेवला की गरम हवा वर निघते आणि खालून गार हवा आत येते. बांबूला किडा लागू नये म्हणून बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात तो मुरवावा लागतो, आणि विणीत धूळ बसली की उजेड कमी होतो, म्हणून महिन्याकाठी कोरड्या ब्रशने झटकावा लागतो. सुंदर दिव्यांच्या छायाचित्रांखाली या गोष्टी लिहिलेल्या नसतात. इथे त्या प्रत्येक दिव्याबरोबर दिल्या आहेत.

रंग आणि वेळ यांचा विचार शेवटी येत असला तरी तो सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे. सूर्य दुपारी पांढरा असतो आणि दिवेलागणीला तांबूस होतो. माणसाच्या डोळ्यांत पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज निळसर प्रकाशाला विशेष दाद देणाऱ्या आणखी काही पेशी आहेत. त्या मेंदूला दिवस आहे की रात्र हे कळवतात. शरीरातले हे दिवस-रात्रीचे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या घरांत मात्र झोपेच्या खोलीतही ६५०० केल्विनचा लख्ख पांढरा दिवा असतो, कारण ‘उजेड जास्त पडतो’ असे वाटते. रात्री २७०० केल्विनचा पिवळसर, कमी ताकदीचा, डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेला दिवा शरीराला संध्याकाळ झाल्याचे सांगतो. अंतराचा नियमही मदतीला येतो: लहान दिवा आणि वही यांच्यातले अंतर निम्मे केले की वहीवरचा उजेड चौपट होतो. छतावरच्या मोठ्या दिव्याचे काम टेबलाशेजारचा तीन-चार वॅटचा दिवा करू शकतो. काजवा सगळे रान उजळत नाही. त्याला जिथे दिसायचे आहे तिथेच तो दिसतो.

या पुस्तकाची मांडणी म्हणून दिव्यांच्या प्रकारांनुसार केलेली नाही. ती घरातल्या जागांनुसार आहे: ओटा, अभ्यास, जेवण, जिना, न्हाणी, अंथरूण, अंगण. प्रत्येक जागी आधी तिथे काय काम होते, डोळे कुठे असतात, दिवसा किती उजेड खिडकीतून येतो हे पाहिले आहे. मग त्या कामाला निसर्गातली कोणती रीत जुळते. आणि शेवटी वॅट, किंमत, देखभाल. वायरिंगच्या कामासाठी परवानाधारक माणूसच बोलवावा, हे प्रत्येक ठिकाणी पुन्हा सांगितले आहे.

पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी नागपूरकरांना एक सोय आहे. २०१४पासून, अनिल सोले महापौर असताना, महापालिका आणि ग्रीन विजिल फाउंडेशनने पौर्णिमा दिवस सुरू केला. पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ अनावश्यक दिवे बंद ठेवावेत, असे आवाहन करत कार्यकर्ते चौकाचौकांत दुकानदारांना भेटत आले आहेत. लक्स या उजेडाच्या मापात पौर्णिमेचे चांदणे एका लक्सच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जात नाही. अभ्यासाच्या टेबलाला तीनशे ते पाचशे लक्स लागतात. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून घरातले दिवे बंद करून तासाचा पहिला अर्धा भाग नुसते बसून राहावे. मग साडेआठनंतर घरात एकेका जागी जाऊन, तिथले रोजचे काम करून पाहत, गरज वाटेल तेवढाच एकेक दिवा परत लावावा: आधी ओट्याजवळचा, मग वहीजवळचा, मग जिन्यातला. नऊ वाजता जे दिवे बंदच राहिले असतील त्यांची यादी एका कागदावर लिहून तो कागद या पुस्तकात ठेवावा. पहिले प्रकरण त्या कागदापासून सुरू होते.